फाटकावरचा फरार

हरेशने मोबाइल माझ्यापुढे धरला. दापोड्याच्या ज्या गोदामात तो माल चढवतो, तिथून मेसेज होता: स्टेटस ॲबस्कॉन्डिंग.

"सर, तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवता. ॲबसेंट आनि ॲबस्कॉन्डिंग, फरक काय?"

"ॲबसेंट म्हणजे गैरहजर. ॲबस्कॉन्डिंग म्हणजे फरार. पहिला येत नाही, दुसरा सापडत नाही. पहिल्याचा पगार कापतात, दुसऱ्याची नोकरी जाते."

"मंग मी दुसरा कसा? बाप गेला म्हनून दहा दिवस सुतकात घरीच व्हतो."

"कळवलं होतंस?"

"सुपरवायझरला, हितेशभाऊला. त्यो तर दहाव्याला तानसा नदीच्या काठी व्हता. कावळा शिवंना, तवा त्यानंच हात जोडले."

गोदामाच्या फाटकावर हितेशने सगळं कबूल केलं. "पण सर, तीन दिवस हजेरीचा पंच दिसला नाही की सिस्टीम आपोआप ॲबस्कॉन्डिंग टाकते."

"मग सांगा ना तिला."

"हेड ऑफिसला सांगावं लागतं. मेलवर. इंग्लिशमध्ये."

मी दीड पान लिहिलं. विद्यार्थी ॲबसेंट असतो, खजिनदार ॲबस्कॉन्ड होतो. पहिल्याला कारण लागतं, दुसऱ्याला हेतू. वीस वर्षांत वर्गातही मी इतकं चोख शिकवलं नव्हतं.

उत्तर आलं. शब्दार्थांबद्दल आभार. घरच्या पत्त्यावर नोटीस निघाली आहे. कर्मचाऱ्याने ती स्वतः सही करून घ्यावी आणि अठ्ठेचाळीस तासांत हजर व्हावं.

हरेशने त्यातलं 'हजर' तेवढं धरलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला फाटकावर. नोटिशीशिवाय आत घेत नव्हते, म्हणून वॉचमन त्याचं नाव व्हिजिटरच्या रजिस्टरात लिहून घ्यायचा. तो दिवसभर बाकड्यावर बसायचा.

तिसऱ्या दिवशी हितेशने मला फोन करून फाटकावर बोलावलं. नोटीस परत गेली होती. कुरियरवाला गावी पोचला, तेव्हा दारात हरेशची आई तुळजाबाई होती. "पोरगा ड्युटीवर गेलाय," तिने ऐटीत सांगितलं. त्याने शेरा मारला: पत्त्यावर सापडला नाही.

"आता तर पुरावाच झाला सर," हितेश खाली बघत म्हणाला. "केस बंद केली त्यांनी. ह्याच्या जागी दुसरा माणूस पाठवतायत."

"हितेशभाऊ, मी तुझ्यापुढं उभा हाय."

"दिसतोयस रे मला."

वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं. बाहेर जाण्याची वेळ तेवढी लिहायची राहिली होती.