निळूमास्तर पाटावर बसतात

मित्रांनो, मला तुम्ही पुष्कळदा भेटला असाल, पण माझ्याकडे नीट पाहिले नसेल. त्यात तुमचा दोष नाही. माझी भेट झाली की माणूस आधी माझ्यावर बसतो. मी फणसाच्या लाकडाचा एक जुना पाट आहे.

राजापूरजवळच्या एका वाडीत वनमालाबाईंच्या वडिलांचा फणस एका वादळात आडवा झाला. दोन दिवस ते त्याच्यापाशी जाऊन नुसते उभे राहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावले. त्या खोडातून आम्ही सहा पाट निघालो. मी बुंध्याचा, म्हणून सर्वांत रुंद. सुताराने माझ्या चारी कोपऱ्यांत पितळी फुले बसवली आणि खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. उरलेल्या फळीचा पोळपाट झाला. तो आमचा धाकटा भाऊ. बिचारा जन्मभर लाटण्याखाली राहिला.

वनमालाबाईंच्या लग्नात आम्ही रुखवतात मिरवलो आणि त्यांच्याबरोबर मुलुंडला आलो. बैठी चाळ, दहा बिऱ्हाडे, एक विहीर, दोन संडास. वनमालाबाईंचे यजमान मार्तंडराव फोर्टात एका विम्याच्या कचेरीत कारकून होते. माणूस सज्जन, पण इतका टापटिपीचा की पेन्सिलीलाही टोपण लावी.

त्या घरात मी दहा वर्षे मानाने काढली. त्यांच्या लेकीच्या, उत्तराच्या बारशाला वनमालाबाई तिला मांडीवर घेऊन माझ्यावरच बसल्या. दर भाऊबीजेला माझ्याभोवती रांगोळी. शेजारच्या गुणाजींचा जावई पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा त्यांनी मला मागून नेले आणि परत देताना धुऊन, पुसून, वर खोबरेल लावून दिले. माझ्यावर बसून कोणी भांडल्याचे मला आठवत नाही. तोंडात घास असला की माणूस बराच समजूतदार असतो.

मग १९५६ सालच्या जानेवारीत एक पत्र आले.

मार्तंडरावांना पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद होता. डेन्मार्कमधल्या एका लहान गावच्या शाळामास्तरांशी, नील्स नावाच्या गृहस्थांशी, ते आठ वर्षे तिकिटांची अदलाबदल करत होते. नील्सनी कळवले होते की ते आशिया पाहायला निघाले आहेत आणि बसऱ्याहून बोटीने मुंबईस येत आहेत. 'महाल आणि देवळे पाहून माझी मान दुखू लागली आहे,' असे त्यांनी लिहिले होते. 'तुमच्या घरी चार दिवस राहू द्या. तुम्ही रोज जसे राहता, तसे मला राहायचे आहे.'

उत्तराने टाळ्या पिटल्या. मार्तंडराव मात्र पांढरेफटक पडले.

"अहो, काय झालं?" वनमालाबाईंनी विचारले.

"मी त्यांना लिहिलंय, की आम्ही रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांची तिकिटं बघतो."

"कुठलं टेबल?"

"तेच तर!"

मित्रांनो, खोटे ते एवढेच होते. सुबक अक्षरात आठ वर्षांपूर्वी लिहिलेले एक वाक्य. पण आता ते वाक्य चार पायांवर उभे करायचे होते.

गुणाजी मदतीला धावले. ते मूळचे मालवणकडचे, गिरणी सोडून भांडुपच्या कारखान्यात फिटर झालेले. 'नाही' हा शब्द त्यांना ठाऊकच नव्हता. "तुमका टेबल व्हया मां? हाडून देतंय! काय एक काळजी करू नकात!" म्हणत ते निघाले. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे टेबल आले. त्यावर मधोमध इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग होता, तो चादरीखाली झाकला. दोन खुर्च्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून आल्या. पाहुण्यांसाठी खास खुर्ची गुणाजींच्या भाच्याच्या, सहदेवच्या सलूनमधून आली. तिला मान टेकायला मागे लाकडी उशी होती.

"आणि पाट?" वनमालाबाईंनी विचारले. "पाहुण्याला पाटावर नाही बसवायचं?"

"वनमाला, ते युरोपियन आहेत!"

आम्हा सहाही भावांना खाटेखाली ढकलून वर तांदळाचे रिकामे पोते टाकले. ज्या घरात माझ्याभोवती रांगोळ्या निघाल्या, तिथे मी चोरीच्या मालासारखा लपलो होतो. फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पोत्याच्या भोकातून मला फक्त पावले दिसत होती. पाहुण्यांचे बूट होडीएवढे! सहा फूट चार इंचांचा माणूस! हे आणि पावलांपलीकडचे बाकी सारे मला मागाहून चाळीतल्या गप्पांतून कळले. गुणाजींना 'नील्स' म्हणता येईना, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे 'निळूमास्तर' करून टाकले आणि चाळीत तेच रूढ झाले.

पहिले जेवण टेबलावर झाले. उत्तराचे पाय अधांतरी लोंबकळत होते. मार्तंडरावांनी जन्मात पहिल्यांदा घरात बूट घातले होते आणि ते एकावर एक घासत होते. वनमालाबाईंची अनवाणी पावले टेबलाभोवती गोल गोल फिरत होती, कारण वाकून वाढायची सवय आणि इथे वाकायला जागाच नाही. पानात अळूचे फदफदे होते, हातात काटा. थोड्या वेळाने माझ्यासमोर जमिनीवर अळूचे थेंब टपकू लागले. मग मार्तंडरावांच्या गळपट्ट्याचे टोक खाली आले. तेही अळूत बुडालेले. निळूमास्तर सवयीने मागे रेलले, मान उशीवर टेकली आणि ते दाढीला बसल्यासारखे छताकडे पाहत राहिले.

"तुम्ही रोज असेच जेवता?" त्यांनी हळूच विचारले. दोघांचेही इंग्रजी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे त्यांना एकमेकांचे छान समजे.

"रोज," मार्तंडराव म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंडराव उठून पाहतात तो पाहुण्यांचे अंथरूण रिकामे! घाबरून ते बाहेर धावले. निळूमास्तर हातात टमरेल घेऊन संडासाच्या रांगेत पाचवे उभे होते आणि पुढे उभ्या असलेल्या गुणाजींकडून 'एक, दोन, तीन' शिकत होते. तिथून ते विहिरीवर गेले आणि तीन बिऱ्हाडांचे पाणी ओढून दिले. घरी आले ते भिजलेले आणि खुशीत. मार्तंडरावांची मान मात्र शरमेने खाली गेली होती.

तेवढ्यात दारात सहदेव उभा राहिला. त्याच्यामागे एक गिऱ्हाईक होते. त्याच्या एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल गुळगुळीत.

"काका, माझी खुर्ची! गिऱ्हाईक उभ्याने दाढी करीत नाही!"

"अरे, हळू बोल," मार्तंडराव कुजबुजले. "पाहुणे आहेत."

"मग माझा उरलेला गाल काय पाहुणे करणार?" गिऱ्हाईक ओरडले आणि सरळ आत येऊन खुर्चीत बसले. फेस वाळत चालला होता. सहदेवने वस्तरा काढला आणि मार्तंडरावांच्या घरात, भर खोलीत, दुसरा गाल पुरा केला. निळूमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, गिऱ्हाईक उठताच स्वतः खुर्चीत बसले आणि दाढी करून घेतली.

ती होते न होते तोच इस्त्रीवाला आला. "कपड्यांचा ढीग झालाय हो, टेबल द्या!" त्याने चादर ओढली. काळा डाग उघडा पडला. टेबल गेले, सलूनची खुर्ची गेली, दवाखान्याच्या दोन खुर्च्याही परत गेल्या. खोली पूर्वीसारखी झाली आणि मधोमध मार्तंडराव उभे राहिले.

"मिस्टर नील्स," ते म्हणाले, "आमच्याकडे टेबल नाही. कधीच नव्हते. मी तुम्हाला खोटे लिहिले." कचेरीची तिजोरी फोडल्याची कबुली द्यावी, तशा सुरात ते बोलत होते.

निळूमास्तरांनी गुळगुळीत हनुवटी चोळली. "मी टेबल पाहायला इतक्या लांब आलो नाही," ते म्हणाले. "टेबले आमच्या घरी तीन आहेत. मग तुम्ही जेवता कशावर?"

उत्तरा वाटच पाहत होती. तिने पोते फेकले आणि मला ओढून बाहेर काढले.

आता मला वाटले, आपला मान परत आला! वनमालाबाईंनी पान मांडले. निळूमास्तर माझ्यावर बसू लागले. पण त्यांचे पाय दुमडेनात. डावा दुमडला की उजवा दारापर्यंत जाई. गुणाजी पाठीमागून आधार द्यायला धावले. निळूमास्तर धाडकन बसले, मागे कलंडले, गुणाजी त्यांच्याखाली सापडले, ताकाचा तांब्या लवंडला आणि माझ्या पोटाखाली आवाज झाला, कड्!

माझी एक पट्टी मोडली होती.

 वनमालाबाई मला उचलून पाहू लागल्या. "बाबांचा फणस..." एवढेच म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मित्रांनो, मोडक्या पाटाचे काय होते ते मला ठाऊक होते. मोरीत आंघोळीच्या पाण्याचा बंब होता आणि त्याला जळण लागे.

निळूमास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी मला हातात घेतले, उलटे केले, पट्टीवरून बोट फिरवले. "मी शाळेत मुलांना सुतारकाम शिकवतो," ते म्हणाले. "मला हत्यारे द्या." गुणाजींनी ताकाने भिजलेल्या सदऱ्यानिशीच जाऊन करवत, पटाशी, हातोडी आणली. लाकूडही तेच घेऊन आले, विहिरीच्या जुन्या रहाटाचा सागवानी तुकडा.

"आता एक टेबल लागेल," निळूमास्तर म्हणाले.

सगळे इकडेतिकडे पाहू लागले.

तेव्हा ते जमिनीवरच बसले. आधी गुडघ्यांवर, मग एका कुशीवर. मला पकडून ठेवायला शिकंजा नव्हता, म्हणून त्यांनी मला दोन्ही पावलांमध्ये पकडले, आमचा राजापूरचा सुतार पकडत असे तसे. तासभर करवत चालली. लाकडाचा भुसा त्यांच्या केसांत गेला. दाराशी सगळी चाळ जमली होती. एकाएकी उत्तराने आईचा पदर ओढला.

"आई, बोलू नकोस हं! बघ ना!"

शेवटचे खिळे ठोकताना निळूमास्तर सरळ मांडी घालून बसले होते. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. "बसलो!" असे ते ओरडले, तेव्हा काम संपले होते.

त्या दिवशी ते माझ्यावर बसून हाताने जेवले. ताक कोपरापर्यंत ओघळले. मार्तंडरावही गळपट्टा काढून बसले आणि तीनदा भात मागून घेतला. पुढचे दोन दिवस निळूमास्तर दळण घेऊन गिरणीत गेले, चाळीतल्या मुलांबरोबर लगोऱ्या खेळले, आणि गुणाजींकडे भाकरीबरोबर तिखट कालवण खाऊन तासभर विहिरीपाशी बसून राहिले.

निघायच्या दिवशी वनमालाबाईंनी माझ्याभोवती रांगोळी काढली आणि त्यांना ओवाळले. उठायची वेळ आली, तर पायांना मुंग्या! चौघांनी धरून त्यांना उभे केले. दाराशी त्यांनी हात जोडले आणि पाठ केलेला शब्द उच्चारला, "जातो."

"अगो बाई, जातो म्हणू नये!" वनमालाबाई घाईघाईने म्हणाल्या. "येतो म्हणायचं."

मार्तंडरावांनी इंग्रजीत समजावले. निळूमास्तर गोंधळले. "पण मी तर जातो आहे."

"म्हणूनच," मार्तंडराव म्हणाले.

मास्तरांनी मान डोलावली. मग लंगडत टांग्यात चढले आणि वळणापर्यंत मोठमोठ्याने ओरडत गेले, "येतो! येतो! येतो!" चाळीतली दहाही बिऱ्हाडे तितक्याच जोराने म्हणत होती, "या!"

मित्रांनो, ते पुन्हा आले नाहीत. पत्रे मात्र पुष्कळ आली. आता मी माळ्यावर असतो. माझे दोन भाऊ बंबात गेले, बाकीच्यांचा पत्ता नाही. तुम्हाला एकच विनवणी आहे. पाहुणे यायचे असले की आम्हाला खाटेखाली ढकलू नका. आणि एखादा पाट मोडलाच, तर बंबाकडे नेण्याआधी त्याला एकदा उलटा करून पाहा. माझ्या पोटाखाली एक पट्टी फणसाची आहे आणि एक सागवानाची. वर बसणाऱ्याला त्यातले काही कळत नाही. पाट डगमगत नाही, एवढेच त्याला कळते, आणि तो निवांत जेवतो.