आधी सामान, मग माणसं

भिकनच्या घरात देवापेक्षा सायकलींना जास्त जागा आहे, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. सातपूरला दहा बाय बाराची खोली, तीत नवरा-बायको, दोन लेकरं आणि दोन सायकली. भिकन एका कारखान्यात लेथवर होता. बायको आशा घरीच शिवणकाम करायची. दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद असे. बाकीचे लोक फराळाचे डबे सांभाळत एसटीत घुसायचे तेव्हा हे चौघं सायकलवर निघायचे. भिकनच्या सायकलवर सामान आणि थोरला ललित, आशाच्या लेडीज सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या वेताच्या खुर्चीत धाकटी वेदिका. एका वर्षी ते येवल्याला गेले, कारण आशाला पैठणी विणताना बघायची होती. घ्यायची नव्हती, नुसती बघायची होती. पुढच्या वर्षी मनमाडला, कारण ललितला एका जागी उभं राहून पोटभर रेल्वेगाड्या बघायच्या होत्या. शेजारी हसले. हौसेला मोल नसतं म्हणाले, आणि भिकन्याची जत्रा निघाली असंही म्हणाले. आशा त्यांना हात हलवून पुढे जायची.

या जत्रेचा एक नियम होता. चढ आला की आधी सामान, मग माणसं. भिकन खाली झाडाच्या सावलीत बायको-पोरांना बसवायचा, सामानाची सायकल ढकलत वर न्यायचा, ती झाडाला टेकवून परत खाली यायचा. मग वेदिकाला खांद्यावर घ्यायचा, आशाची सायकल हाताने ढकलायचा आणि सगळे मिळून वर जायचे. जाताना तो वेदिकाला दरवेळी एकच सांगायचा, की इथंच बस, हलू नको, सामान वर ठेवून आलोच. तीन वर्षांची पोर, पण दिलेल्या जागेवरून बोटभर सरकायची नाही. मुंग्या चावल्या तरी नाही. आशाला तिचं भारी कौतुक वाटायचं.

दोन हजार सालच्या श्रावणात आशाला कावीळ झाली. पंधरा दिवस झाडपाल्याच्या औषधात गेले, आणि दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. भिकनने स्वतःला त्याबद्दल कधी माफ केलं नाही. करू नये, असं माझंही मत आहे, पण तो एकटा त्यात दोषी होता असंही नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. कारखान्यात तीन पाळ्या. ललित शाळेत जायचा, वेदिकाला शेजारच्या अंबूबाईंकडे ठेवायचं. अंबूबाईंचं वय सत्तरीचं, गुडघे गेलेले, डोळा लागला की पोर कुठे आहे याचा पत्ता नसायचा. एका दुपारी भिकन कामावरून आला तर वेदिका कुलूप लावलेल्या दाराशी झोपलेली, आणि तिच्या ताटलीतला भात एक कुत्रं खात होतं. त्याने कुत्र्याला हाकललं आणि तिथेच पायरीवर बसून रडला. दिवसाढवळ्या, गल्लीसमोर.

आशाची थोरली बहीण बयाबाई देवळ्याच्या बाजूला एका खेड्यात राहायची. नवरा कोंडाजी, चार एकर कांद्याची शेती, आणि लग्नाला वीस वर्षं होऊन घरात पाळणा हललेला नाही. धाकटीला माझ्या ओटीत घाला, असं ती तेराव्यालाच म्हणाली होती. तेव्हा भिकनला तिचा राग आला होता. त्या दुपारनंतर त्याने तिला निरोप धाडला, की दिवाळीत पोरीला घेऊन येतो. ललितला त्याने सगळं सांगितलं आणि वेदिकाजवळ अवाक्षर काढायचं नाही असं बजावलं. वेदिकाला फक्त एवढंच कळलं की यंदा पुन्हा सायकलवर जायचं.

ती आनंदाने वेडी झाली होती. आता वेताची खुर्ची भिकनच्या सायकलला बांधली होती आणि आईच्या सायकलवर दहा वर्षांचा ललित होता. त्याचे पाय पुरत नव्हते, म्हणून तो अर्धा रस्ता उभ्यानेच पेडल मारत होता. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, द्राक्षांचे मांडव गेले. वेदिका वाटेतल्या प्रत्येक बैलाला एकेक नाव देत होती. संध्याकाळी ते चांदवडला देवीच्या धर्मशाळेत उतरले. जेवताना तिने विचारलं, की उद्या मोठा चढ आहे ना? आहे म्हटल्यावर ती म्हणाली, मग मी नीट बसेन.

आणि ती बसली. दुसऱ्या दिवशी देवळ्याच्या अलीकडच्या बारीत, म्हणजे छोट्या घाटात, भिकनने सामान वर नेलं, तेव्हा खाली ललित दगड मारत इकडेतिकडे फिरत होता आणि ही मांडी घालून जागेवर. भिकन परत आला तेव्हा तिने त्याला सांगितलं, की दादा हलला, मी नाही हलले. त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि सबंध चढभर तिच्याशी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर तिथूनच माघारी फिरला असता.

बयाबाईने पोरीसाठी काय काय करून ठेवलं होतं. नवी परकर-चोळी, लाकडी पाट, शेळीचं एक करडू. भाऊबीजेला वेदिकाने ललितला ओवाळलं. त्याने खिशातली बेगडाची फिरकी तिच्या ताटात टाकली आणि उठून गोठ्यामागे गेला. बाहेर येईना. कोंडाजी म्हणाला, असू द्या, पोराला आईची आठवण आली असंल. त्याच संध्याकाळी बयाबाईने देवासमोर पदर पसरला, भिकनने वेदिकाला त्यात बसवलं, वर नारळ ठेवला, आणि काम झालं. वेदिकाला तो खेळच वाटला. मावशीच्या मांडीवर बसून तिने नारळ कानाशी हलवून बघितला.

सकाळी निघायचं होतं. बयाबाईचं म्हणणं पडलं, की पोरीला सांगून निघा, रडली तर रडू द्या, मी बघते. भिकनने मान हलवली. पण लेकराचं रडणं ऐकायची हिंमत त्याच्यात नव्हती. बयाबाईचं घर खाली मळ्यात होतं आणि सडकेवर यायला चांगला उभा चढ होता. चढाखाली एक बाभूळ होती. भिकनने वेदिकाचा हात धरून तिला बाभळीखाली नेलं, बसवलं, आणि नेहमीसारखं म्हणाला, "इथंच बस. हलू नको. सामान वर ठेवून आलोच."

वेदिकाने मांडी घातली. भिकन आणि ललित सायकली ढकलत वर गेले, सडकेला लागले, सायकलवर बसले आणि नाशिकच्या दिशेने निघाले. माणूस वाईट नव्हता. पण इतकं वाईट काम एखाद्या वाईट माणसालाही सुचलं नसतं. दुसऱ्या एखाद्या बापाने काही थाप मारली असती, खाऊ आणायला जातो म्हणाला असता. यानं मात्र पोरीचा ज्या एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास होता, तीच मोडून खाल्ली.

नाशिकला आल्यावर ललितने आईची सायकल खिळ्याला टांगली आणि नंतर तिला हात लावला नाही.

आठव्या दिवशी कोंडाजीचा कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात फोन आला. पोर बरी आहे म्हणाला, आणि पुढे म्हणाला, लय त्रास झाला तिला, पण आता जेवती. त्या 'पण'ने भिकनची झोप उडवली. महिनाभर त्याने मनाशी भांडून बघितलं आणि शेवटी सुपरवायझरपुढे जाऊन हात जोडले. मला कायमची दिवसपाळी द्या, पोरगी घरी आणायची आहे. सुपरवायझरने वहीत बघितलं आणि दिली. दोन मिनिटांचं काम होतं. हे दोन शब्द वर्षभर आधी तोंडातून निघाले असते तर! पण गरीब माणसाला मागायची लाज फार, सोसायची मात्र नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो ललितला घेऊन एसटीने देवळ्याला उतरला आणि तिथून पायी मळ्यात आला. कांद्याची लागण चालू होती. बयाबाई वाफ्यातून उठून आली, हात धुतले, आणि वेदिका घरात जेवते आहे असं म्हणाली. मग त्याला ओसरीवर थांबवून हळू आवाजात जे सांगायचं ते सांगितलं.

"भिकनराव, तीन दिवस त्या बाभळीखाली बसली व्हती पोर. भाकर बी तिथंच नेऊन दिली. अंधार पडला का उचलून आणायची, का उजाडायला पुन्हा तिथंच. ऊठ म्हटलं तर म्हणायची, मी हलले तर पप्पा मला कुठं शोधतील."

बयाबाई चिडली नाही, हे भिकनला जास्त लागलं. तो म्हणाला, की मी तिला न्यायला आलोय. बयाबाईचा चेहरा उतरला. ओटीत घातलेलं लेकरू कुणी परत मागत नाही, हे तीही जाणत होती आणि तोही. पण तिने तोंडातून नकार काढला नाही. आत गेली आणि पोरीचे कपडे घडी करून पिशवीत भरू लागली. एकाच परकराची घडी तिने तीनदा मोडून घातली, आणि ललितने ते पाहिलं.

वेदिका हात धुऊन बाहेर आली. दादाला बघून हसली, त्याला करडू दाखवलं. बापासमोर आल्यावर मात्र दोन हात लांब उभी राहिली. भिकन खाली बसला आणि म्हणाला, चल बाळा, आपण घरी जाऊ, आता मी रोज संध्याकाळी घरी असणार. ती जागेवरूनच म्हणाली,

"त्या दिवशी तुम्ही आला का नाही?"

सायकल पंक्चर झाली, असं म्हणता आलं असतं. तिने तेही मान्य केलं असतं, अजून पाचच वर्षांची होती. पण ललित बघत होता. भिकन म्हणाला, "मी खोटं बोललो होतो. मला यायचंच नव्हतं."

वेदिकाने मान हलवली. तिला राग आल्यासारखं दिसलं नाही. ती विचार करून म्हणाली, "मावशी वाफ्यात जाते तेव्हा सांगून जाते. आणि येते."

एवढंच. मग ती मागे सरकली आणि दारात उभ्या असलेल्या बयाबाईच्या लुगड्याला धरून उभी राहिली. बयाबाईने पिशवी पुढे केली. ती घ्यायला भिकनचा हातच उठला नाही. ओढून नेता आली असती, बाप होता तो. पण पोरीने सांगितलेलं खरं होतं. तिला त्याच्या घरी नेऊन तो रोज कामावर जाणार, आणि रोज संध्याकाळपर्यंत ती दाराकडे बघत बसणार. तो येईल हे तिला आता पटणारच नव्हतं.

चहा घेऊन ते निघाले तेव्हा वेदिका मावशीबरोबर अंगणाच्या कडेपर्यंत आली. भिकन तिच्यासमोर वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने लेकीला सरळ सांगितलं, "आम्ही आता नाशिकला चाललो. आज परत येणार नाही."

"बरं," वेदिका म्हणाली, आणि करडाला पाणी दाखवायला आत पळाली.