चिरलेली सून

सिझरनंतरही बाई नॉर्मल बाळंत होऊ शकते, हे मी आमच्या ओवेरी शहरात अकरा वर्षं घसा फोडून सांगते आहे. दर शनिवारी, शाळेच्या रिकाम्या वर्गात, पोटुशा बायकांसमोर. त्याला अट आहे, तीही त्याच दमात सांगते: इस्पितळातच, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आणि ऑपरेशनची खोली तयार असताना. बायका अर्धं वाक्य उचलतात आणि घरी जातात. उरलेलं अर्धं त्यांच्या सासवांना नको असतं.

आमच्याकडे सासवांना सुना हव्यात इब्री बायकांसारख्या. बायबलातल्या त्या बायका, सुईण दारात पोचायच्या आत मोकळ्या होणाऱ्या. चर्चमध्ये दर रविवारी कुणीतरी बाळ उंच धरून ‘स्वतःहून झालं’ अशी साक्ष देतं आणि लोक नाचतात. जिचं पोट कापलं तिच्या हातात कुणी माइक देत नाही. ती आळशी, तिची श्रद्धा कच्ची. मूल पोटात आडवं होतं, तर तीही तिचीच चूक. मला या सगळ्याची शिसारी येते, आणि मी स्वतः त्याच चर्चची सभासद आहे.

उझोमाका माझ्या वर्गात यायची. तिचा पहिला मुलगा सिझरचा. पण तिच्या नवऱ्याने, केनेने, गावी आईला कळवलं होतं की नॉर्मल झालं. टाके भरेपर्यंत ‘घरात मलेरिया आहे’ म्हणून दोन महिने म्हातारीला येऊ दिलं नव्हतं. “सिस्टर, कुणाला सांगू नका,” म्हणून उझोमाकाने मला शपथ घातली. मी ती घेतली, ही माझी पहिली चूक.

एका गुरुवारी सकाळी तिचा मेसेज आला: कळा सुरू झाल्यात, गावाहून आलेल्या सासूने मिशनच्या घरात आणलंय. मिशनचं घर म्हणजे चर्चमागे बाळंतपणाच्या तीन खाटा आणि फिलोमिना बाई. या बाईंचं शिक्षण म्हणजे त्यांचा आवाज. मी मिळेल ती रिक्षा पकडून पोचले, तर फिलोमिना सलाईन लटकवत होत्या, कळा वाढवायचं औषध घालून. केने बाहेर मोबाइल चाळत उभा.

“आत जा आणि सांग त्यांना!”

“हळू बोला, सिस्टर. आई ऐकेल.”

“ऐकू दे की! त्या औषधाने जुना टाका उसवला तर गर्भाशय फाटेल. बाळ जाईल, बायको जाईल.”

“तुम्हीच तर सांगता, सिझरनंतरही होतं म्हणून.”

माझंच अर्धं वाक्य माझ्या तोंडावर फेकलं मेल्याने. मी त्याला बाजूला ढकलून आत गेले. शपथ गेली चुलीत. “सलाईन काढा ते. हिचं पहिलं सिझर आहे.”

सासूचं भजन थांबलं. “केने! काय बडबडतेय ही?”

केने आत आला, जमिनीकडे बघत म्हणाला, “मला आजच कळतंय, आई.”

ऑपरेशनच्या कागदावर याचीच सही होती. उझोमाकाने वर्गात आणलेल्या फाइलीत ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

उझोमाकाने कमरेचं कापड खाली सरकवलं आणि टाका दाखवला. ताटात झुरळ निघावं तशी म्हातारी मागे सरली. “चिरलेली! माझ्या पोराच्या गळ्यात चिरलेली बांधली!” फिलोमिनाने सुई ओढून काढली आणि आधी हात धुतले. “मी हिला हात लावलेला नाही हं, सगळे साक्षीला आहात. न्या हिला इथून.”

इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं, ऑपरेशनची तयारी ठेवली आणि वाट बघितली. दुपारी तीनला उझोमाकाला मुलगी झाली, कापाकापी न होता, तिच्याच जोरावर. मी तिचा हात धरून रडले. एवढ्यासाठीच तर मी हा खटाटोप करते.

बाहेर म्हातारी फोन कानाला लावून नाचत होती. “स्वतःहून! इब्री बाई आहे माझी सून!” मग खाटेपाशी येऊन लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, “झालं ते झालं, पोरी. चर्चमध्ये साक्ष दे. दोन्ही पोरं स्वतःहून, मिशनच्या घरात. मग ये घरी. नाही जमलं, तर तुझी आई आहेच.” केने मान डोलवत मिरीचा रस्सा भुरकत होता. तो रस्सा बायकोसाठी आणलेला होता.

तिसऱ्या रविवारी उझोमाकाने माइक धरला, शेजारी म्हातारीने बाळ उंच धरलं. “दोन्ही,” ती म्हणाली, “स्वतःहून. मिशनच्या घरात.” ढोल सुरू झाले. फिलोमिना हात वर करून नाचत पुढे आल्या.

माझ्या शेजारी अडाओरा बसली होती, माझ्याच वर्गातली, आठव्या महिन्याची, पोटावर दीड वर्षापूर्वीचा टाका. ती माझ्या कानाशी वाकली. “सिस्टर, मग मीही तिथंच जाते. नवरा कधीचा मागे लागलाय. इस्पितळाची कटकट कशाला उगाच?”

मी वर बघितलं. उझोमाका माझ्याकडेच बघत होती आणि मान हलवून नको म्हणत होती. अडाओराला मी हळूच सांगू शकले असते. पण ते तिच्या नवऱ्याला ऐकू गेलं नसतं, आणि पुढच्या तीन रांगांत ज्यांची पोटं पुढे आली होती त्यांनाही नाही. मी उभी राहिले.

“ती इस्पितळात बाळंत झाली! तिचं पहिलं सिझर आहे. मिशनच्या घरात राहिली असती तर आज तिला पुरलं असतं आपण.”

ढोल थांबले. “ही बाई वेडी आहे,” केने म्हणाला. म्हातारीने बाळ उझोमाकाच्या हातात कोंबलं आणि एकटीच जाग्यावर जाऊन बसली.

अडाओरा इस्पितळात बाळंत झाली. मायलेकरं धडधाकट आहेत. उझोमाका मुलीला घेऊन तिच्या आईकडे राहते. मुलगा केनेने आणि म्हातारीने ठेवून घेतला. मी दोनदा भेटायला गेले, दोन्ही वेळा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा दाराआडून एवढंच म्हणाली, “सिस्टर, माझा मुलगा आणून द्या.”