दाईची साक्ष

रेनिए सरदाराच्या पोटात दुखायला लागलं ते आन्सेलच्या बढतीनं. माँत्रेलचा गड राजानं एका साध्या घोडेस्वाराला द्यायचा आणि वर त्याला बॅरन म्हणायचं, हे त्याच्या पचनी पडेना. त्यानं भर दरबारात सांगून टाकलं, "महाराज, याची आई मठाची दासी आहे. आई दासी तर लेक दास, हा आपला रिवाज. आता दासाला बॅरन करणार का?"

"ती माझी आई नव्हे," आन्सेल चटकन म्हणाला. "दाई आहे."

बोलून बसला खरा, पण राजानं त्याला आणि त्या दासीला, दोघांनाही शपथेवर साक्ष द्यायला फर्मावलं.

ती दासी, हेर्सेंद, मठामागच्या ओढ्यावर राखेच्या पाण्यात साधूंचे झगे बडवत होती. आन्सेलनं आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं, मगच तो जवळ गेला.

"आई, एवढं एकदा म्हण."

"संतांच्या अस्थींवर हात ठेवून खोटं बोलू?"

"नाही बोललीस तर गड जाईलच, वर मठवाले मला दास म्हणून ओढून आणतील."

तिनं झगा पिळला. "बरं. तुझं भलं होत असेल तर म्हणते. पण मग इकडं फिरकू नकोस. लोक बघतात."

परतताना त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. लाज तेवढी वाटेतच सोडून तो गावात शिरला.

दरबारात चांदीची अस्थिपेटी मांडली होती. आन्सेलनं तिच्यावर उजवा हात ठेवून शपथ घेतली. मग हेर्सेंदनं घेतली. "मी यांची दाई. यांना दूध पाजलं, एवढंच." पोटच्या पोराला ती 'यांना' म्हणाली.

रेनिए काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "दाईला दूध येतं ते स्वतःचं मूल झाल्यावर. तुझं कुठंय?"

"गेलं," ती म्हणाली.

रेनिए मागं सरला. राजा मात्र खदखदून हसला. "उगाच घसा कोरडा केलास, रेनिए! अरे, ती आई असती तरी काय बिघडलं असतं? मठाला एखादं कुरण दिलं असतं आणि दोघांना मोकळं केलं असतं. दासाचा बॅरन करता येत नसेल तर मी राजा कसला? आन्सेल, तुझी आई असती ना, तर इथं माझ्या शेजारी बसवली असती तिला!"

सगळे हसले. आन्सेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही खरं सांगता आलं असतं. पण खोट्या शपथेला शिक्षा म्हणून उजवा हात तोडत. आपल्याला आधी आठवला तो हात, आई नव्हे, हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्याची मान वर होईना.

"बाई, खरं बोललीस. काय हवं ते माग," राजा म्हणाला.

सुटका माग, आन्सेल मनातल्या मनात विनवत होता.

"माझ्या लेकाच्या आत्म्यासाठी एक मिस्सा म्हणवून घ्या, महाराज. गरिबाचं पोर, त्याच्यामागं कुणी प्रार्थना केली नाही."

राजाचे डोळे पाणावले. "आत्ताच्या आत्ता! आन्सेल, तुझा दूधभाऊ तो. मेणबत्ती तूच धर."

मेणबत्ती धरून आन्सेल प्रार्थनाघरात वेदीपाशी उभा राहिला. पाद्र्यानं मृताचं नाव विचारलं.

"जिलो," हेर्सेंद म्हणाली.

ते आन्सेलचं बाप्तिस्म्याचं नाव होतं. सरदारांच्या पंगतीत शोभत नाही म्हणून त्यानं ते कधीच टाकून दिलं होतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे वाहत होते, आणि ते सोंग नव्हतं.

"जिलोच्या आत्म्याला चिरशांती लाभो," पाद्री म्हणाला.

"आमेन," सगळे म्हणाले. एकटा आन्सेल गप्प राहिला, तेव्हा राजानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"आमेन," आन्सेल म्हणाला.