केरूची गाडी पास झाली

साहेब, तुमच्या आरटीओच्या मैदानावर पासिंगला येणारी एकही गाडी खरी नसते, आणि हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. फाटकाबाहेर ताडपत्री मारून बसलेला माणूस एका दिवसापुरते टायर भाड्याने देतो. तेच टायर सकाळपासून दहा गाड्यांना लागून तुमच्या पुढ्यात येतात, ते तुम्ही बघता. आग विझवायचं एकच लाल नळकांडं दिवसभर या केबिनीतून त्या केबिनीत फिरतं. तुमची त्याची इतकी ओळख झालीय की त्याने तुम्हाला रामराम घालायचा तेवढा बाकी आहे. तुम्ही फोटो काढता, सही करता. गाडी फाटकाबाहेर जाते आणि परत पहिल्यासारखी होते. हा खेळ तुमच्याच खात्याने मांडला. आणि एका सकाळी लहर आली म्हणून धरलंत कुणाला, तर केरूला.

"हळू रे, हळू! हात अडाकला तिचा."

"केरूदा, तू वरून धर. पाय माझ्याकडं दे."

व्हॅनच्या पुढच्या दारातून केरूच्या बायकोला, जनीला, बाहेर काढायचं चाललं होतं. केरूने तिला काखेत धरलं होतं. गॅरेजवाल्या बाबल्याचे हात ग्रीसने माखलेले, तिच्या लुगड्याला डाग पडू नये म्हणून त्याने तिचे पाय नुसत्या मनगटांवर तोलले होते. फाटकाबाहेर कातळावर अंथरलेल्या गोणपाटावर दोघांनी तिला टेकवलं, गाडीच्या चाकाला पाठ लावून. मग बाबल्या पाना घेऊन आत शिरला आणि तिच्या सीटचे बोल्ट काढायला लागला.

"चला," जनी म्हणाली.

लकवा मारून गेला तेव्हा जाताना तिच्या तोंडात हा एकच शब्द ठेवून गेला. भूक लागली तरी चला, दुखलं तरी चला. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत. बाकी अंग नुसतं ओझं.

"हा गो, जावया. पासिंग होऊं दे, मंग जावया," केरू म्हणाला.

केरू बेकरीचा माल टाकतो. गाडी त्याची, माल बेकरीवाल्याचा. पहाटे मांडवीपासून सुरुवात करायची, पाव, बटर, खारी उतरवत उतरवत भाट्याचा पूल ओलांडून पलीकडच्या गावांतून फिरून यायचं. जनीला लकवा झाला तेव्हा पहिले काही महिने तो तिला घरी ठेवून जाई. मुलगा दीपक मुंबईला. त्याच्या खोलीत त्याचीच चार माणसं पाय दुमडून झोपतात, त्याला काय बोलणार? शेजारची गंगुबाई दुपारी डोकावून चार घास भरवून जाई. एका संध्याकाळी केरू घरी आला, तर ओठाच्या कडेपासून डोळ्यापर्यंत जनीच्या गालावर लाल मुंग्यांची रांग लागलेली. दुपारच्या शिऱ्याचा कण ओठाला राहून गेला होता. जनी जागी होती. डोळे घट्ट मिटून घेण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं, आणि ते तिने किती वेळ मिटून धरले होते कोण जाणे. केरूने पापण्या पुसल्या तरी ती डोळे उघडीना.

त्या दिवसानंतर त्याने तिला घरी ठेवलं नाही.

बाबल्याने भंगारातून मुंबईच्या लक्झरी बसची मागे झुकणारी सीट आणली. व्हॅनची मूळची सीट काढली. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, आजूबाजूला नुसता पातळ पत्रा. चाचपून चाचपून चार ठिकाणी जाड लोखंड सापडलं, तिथे भोकं पाडून सीट पक्की केली. छातीवरून दोन पट्टे, मानेला दोन्हीकडून उशा. पहिल्या दिवशी गाडी उतारावर लागली तरी जनी जागची हलली नाही, तेव्हा केरूने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बाबल्याला फोन केला. नुसता "हां, हां" करत राहिला.

मग पावाबरोबर जनीही रोज फिरायला लागली. दुकानदार म्हणायचे, "काय केरू, मालकीणबाई तपासणीला निघाल्या काय?" मांडवीच्या आनंदीबाई दुकानाची पायरी उतरून यायच्या, चहात बटर बुडवून तिला भरवायच्या आणि आपल्या सुनेच्या चहाड्या सांगायच्या. "तुला सांगायला बरा, गो. तू कुटं बोलनार नायस." त्यावर जनीच्या तोंडाची एक कड वर जायची. भाट्याच्या पुलावर वारा आत आला की ती डोळे टक्क उघडायची. लुगड्याला पावाचा वास. बाईचं आयुष्य पुन्हा चार माणसांत आलं होतं.

वर्षाचं पासिंग आलं तेव्हा केरू ती सीट तशीच घेऊन मैदानावर गेला होता. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. तेव्हाच्या साहेबांनी जनीकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि एजंट निलेशला बाजूला घेऊन म्हणाले, "मामाला सांग, ते काढून आण. मला दिसायला नको." साहेब, ते तुमच्याच खुर्चीत बसायचे. दिसायला नको, हा कायदा त्यांनी शिकवला आणि केरू तो शिकला. तेव्हापासून दरवर्षी पासिंगच्या सकाळी माळ्यावरची मूळ सीट खाली यायची, जनीची सीट उतरायची, संध्याकाळी पुन्हा चढायची.

फाटकाबाहेर काजूचं मोठं झाड आहे. गाड्यांवरून उतरवलेलं सगळं त्याच्या बुडाशी पडतं. कॅरियर, जादा दिवे, गाणं वाजवणारे हॉर्न, काचांवरच्या काळ्या फिल्मची भेंडोळी, पडदे, नवसाची पितळी घंटासुद्धा. मूळची सीट गाडीत चढवली, आणि त्या ढिगाला लागून जनीची सीट मांडली, तिच्यावर जनीला बसवलं, पट्टे बांधले.

"वैनी एकदम लक्झरीत बसल्यात!" रांगेतला पुढचा टेम्पोवाला दर्शन ओरडला. "मुंबय! मुंबय! एक शीट खाली!"

बाकीचे हसले. केरूही हसला. दर्शन आतून वाईट नव्हता, त्यानेच जाऊन जनीला पाणी पाजलं.

साहेब यायचे होते. ऊन वर चढलं, काजूची सावली सरकली आणि जनी उन्हात राहिली. केरू खाली उतरायला लागला, तसा निलेशने त्याचा खांदा धरला.

"काका, गाडी सोडू नका. सायेब कवा येतील नेम नाय. गाडीत मानूस नसला तर मागं टाकतात."

"तिला जरा सावलीत…"

"पाच मिन्टा. काय होतंय पाच मिन्टात?"

सड्यावरचं, उघड्या माळावरचं ऊन. जांभ्याचा कातळ वरून तापतो आणि खालून वाफ सोडतो. केरू रांगेतून मान लांब करून बघत राहिला. थोड्या वेळाने जनीच्या लुगड्यावर मांडीशी काळपट ओल पसरलेली त्याला दिसली. ती सीटवरून खाली कातळावर ठिबकली. जवळ उभे असलेले दोघं-तिघं सरकून लांब गेले. एकाने नाकाला रुमाल लावला, आणि त्याचा जोडीदार त्यावर काहीतरी बोलून खिदळला. जनीची मान उशांत अडकलेली. तिला तोंड दुसरीकडे वळवायचीही सोय नव्हती.

केरू गेला नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिला.

तेवढ्यात तुम्ही आलात. नव्याने बदली होऊन आलेले, तरणेबांड, इस्त्रीचा गणवेश. तुमची गाडी काजूखालीच थांबली. तुम्ही उतरलात, ढिगाकडे बोट केलंत आणि ओरडलात, "हे भंगार कुणाचं आहे? उचला आधी! नाहीतर जेसीबी लावून दरीत ढकलून देतो सगळं!" आणि आत गेलात.

केरूची पाळी आली. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक झाले. मग तुम्ही पुढच्या दारातून आत वाकलात आणि पायाखालचं रबर उचललंत. भोकांच्या कडा घासून घासून चकाकत होत्या.

"इथं काय बसवतोस रे, मामा?"

केरूने निलेशकडे पाहिलं. निलेशने पापणी हलवली. ठरलेलं उत्तर तोंडात होतंच.

"काय नाय सायेब. पैल्या मालकानं पाडलान हायत. आमी गाडी घेतली तवापासनं हायतच."

"मला शेंड्या लावतोस?" तुम्ही हसलात. "ज्यादा सीट टाकून, माणसं भरून वडाप करतोस होय? गाडीत फेरफार म्हणजे खेळ वाटला? चारही भोकं बुजवून, वरून पट्टी मारून आण. वेल्डिंग पक्कं पाहिजे, मी हातोडी मारून बघणार. आजच्या आज. नाहीतर गाडी इथंच ठेव."

गाडी ठेवली तर उद्याचा पाव दुसऱ्याची गाडी नेणार, आणि परवापासून तीच नेत राहणार. केरूने रस्त्यापलीकडच्या वेल्डिंगवाल्याकडे गाडी घेतली. बाबल्या धावत आला.

"केरूदा, खुळ्यावलास काय? भोका बुजवलीस तर शीट परत कशी बसवू?"

"दुसरी पाड."

"कुटं पाडू? बाकी पत्रा हाय पापडासारका. पैल्या खड्ड्यात वैनी शीटीसकट पुडच्या काचंवर."

"मंग बघू."

"मंग काय बघू? ह्या चारच जागा होत्या, दादा! वेल्डिंगनं लोखंड जळला का परत बोल्ट धरनार नाय."

"मार म्हन त्येला वेल्डिंग!" केरू त्याच्या अंगावर ओरडला. इतक्या वर्षांत तो बाबल्यावर कधी ओरडला नव्हता. "गाडी ऱ्हायली तर हिला खायला तरी घालीन. मार!"

ठिणग्या उडाल्या. चार पट्ट्या बसल्या. तुम्ही हातोडी मारलीत, खणखण आवाज आला, तुम्हाला बरं वाटलं. गाडी पास झाली. सही करताना तुम्ही पाठीवर थापही मारलीत. "बघ, नीट केलं की होतं ना?"

फाटकाबाहेर केरूने जनीला उचललं. पाठ घामाने चिंब, ओठ फुटलेले, ओलं लुगडं उन्हात वाळून कडक झालेलं. मूळच्या ताठ सीटवर तिला ठेवलं, तशी ती गिअरच्या दांड्यावर कलंडली. सरळ केली, पुन्हा कलंडली. मग त्याने डोक्याचा पंचा काढून तिच्या छातीवरून घेतला आणि सीटमागे गाठ मारली. मान पुढे लोंबायला लागली.

तुम्ही जेवायला निघाला होतात. गाडीची काच खाली झाली.

"ए मामा, काय चाललंय? माणूस बांधतोस?"

केरूने सांगितलं. लकवा, मुंग्या, लक्झरीची सीट, चार भोकं, सगळं. खोटं बोलायचं आता काही उरलं नव्हतं. तुम्ही ऐकून घेतलंत. वाईट वाटल्यासारखं तोंडही केलंत.

"अरे, मग आधी बोलायचं ना! आजारी माणसासाठी केलेला बदल म्हणून अर्ज दिला असतास, तर मी नोंद करून दिली असती. सीट तशीच ठेवली असती. लपवलंस कशाला?" मग जनीकडे बघत म्हणालात, "आणि हे असं पंच्यानं बांधून नेणं चालायचं नाही हां. रस्त्यात दिसलास तर दंड मारीन."

काच वर गेली.

केरू घरापर्यंत एका हाताने गाडी चालवत आला. दुसरा हात जनीच्या कपाळाला लावलेला, मान पडू नये म्हणून. गिअर टाकायला हात काढावा लागे, तेवढ्यात ती पडे. पुलावर तिची हनुवटी छातीला टेकलेली होती.

आता जनी घरी असते. बाहेरून कडी. गंगुबाईचे गुडघे गेले, तिला येववत नाही. दुपारचं कुणी भरवत नाही, म्हणजे तोंडाला कण राहायचीही भीती नाही. आनंदीबाईंनी दोन दिवस विचारलं, "आज पण नाय आणलास तिला?" तिसऱ्या दिवशी त्याने मान खाली घातली, तेव्हा त्या पायरीवरून न उतरता आत गेल्या. बेकरीवाला म्हणाला, पुढची जागा मोकळीच जाते तर तिथेही माल टाक. बाजूच्या सीटवर आता पावाचे क्रेट असतात. एकावर एक बसतात, वळणावर हलत नाहीत. त्यांना दोरीने बांधलेलं तुमच्या माणसांनी दोनदा पाहिलं. हात दाखवला, गाडी सोडली.

तर साहेब, तुम्ही म्हणालात केरूने लपवलं. ती सीट तुमच्या फाटकासमोर उघड्यावर होती, आणि तिच्यावर बाई बसवलेली होती. तिचे डोळे उघडे होते. तुम्ही बोट केलंत तेव्हा ते बोट तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं.

तुम्हाला त्या सकाळी ती दिसली होती की नव्हती?

अर्ज नको, नोंद नको. हो किंवा नाही, एवढंच बोला. केरूच्या दारावर उभे राहा, कडी काढा, आणि तिच्या तोंडावर सांगा.