कात्रीच्या बदल्यात दुकान

मित्रांनो, बोटं जरा लांब ठेवा. मी एक जुनी शिंप्याची कात्री आहे. वय झालं असलं तरी धार शाबूत आहे आणि जीभही.

एका लोहाराने मला घडवलं, ते माझ्या शिंपीणताईच्या वडिलांच्या हाताचं माप घेऊन. वडील गेले आणि मी ताईच्या हाती आले. भाड्याच्या छोट्या दुकानात आम्ही दोघींनी कितीतरी कोट, पडदे, गणवेश कापले. गिऱ्हाइकं ताईचं कौतुक करायची, आणि ताई मला पुसून ठेवताना म्हणायची, "हिची कमाल आहे."

एक दिवस दुकानाचे मालक म्हणाले, "ताई, मी दुकान विकतोय. तुम्हाला हवं असेल तर वर्ष संपेपर्यंत थांबतो. भाव आज सांगतोय तोच राहील."

ताईला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. पण काळा कोट सैल करून घ्यायला आलेल्या वकीलबाईंनी तिला जमिनीवर आणलं. "नुसता शब्द आहे हा. उद्या मागे घेतला तर काय करशील? त्या थांबण्याच्या बदल्यात त्यांना काहीतरी दे आणि लिहून घे. मग थांबणं त्यांना भाग आहे. तू मात्र दुकान घ्यायलाच हवंस असं नाही."

ताईने विचारलं तर मालक हसत म्हणाले, "पैसे राहू द्या. ही कात्री द्या, माझ्या काचेच्या कपाटात शोभेल." कागदावर तसं लिहिलं, दोघांनी सही केली, आणि मी चालले परक्या घरी! कपाटात माझं कौतुक झालं चार दिवस. मग माझ्यावर धूळ बसली.

वर्ष संपत आलं तेव्हा एका औषधवाल्याने दुकानाला दुप्पट भाव देऊ केला. मालकांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि तडक दुकान गाठलं. "घ्या तुमची कात्री. आपलं काही ठरलंच नव्हतं असं समजा."

ताईच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. स्वस्तातल्या कात्रीने तिचा हात सोलून काढला होता. बँकेचं कर्ज अजून मंजूर नव्हतं. ते मिळालं नाही तर दुकानही गेलं आणि मीही गेले. मला उचललं, तर निदान मी तरी परत मिळणार होते. पण मग मालक मोकळे.

तिचा हात पुढे आला. अंगठा माझ्या कडीत अलगद बसला. खरं सांगते, मला वाटलं, उचल गं बाई, ने मला घरी! मालक श्वास रोखून बघत होते.

ताईने हात मागे घेतला.

"काका, ही तुमची आहे. हिच्या बदल्यात तुम्ही थांबायचं कबूल केलंय."

"एका कात्रीसाठी मी एवढं नुकसान सोसू?"

"कमी वाटली होती तर तेव्हाच बोलायचं होतं. तुम्हीच मागून घेतलीत."

मालक लालबुंद झाले. वकिलाकडे जाईन म्हणाले, आणि गेलेही. तिथून परतले ते तोंड पाडून, आणि सगळा राग माझ्यावर निघाला. मी कपाटातून थेट स्वयंपाकघराच्या खणात. प्लास्टिकच्या पिशव्या कापायच्या, झाकणं उचकटायची. माझा खिळा गंजला.

शेवटच्या आठवड्यात बँकेचा होकार आला. ताई ठरलेली रक्कम घेऊन मालकांच्या घरी आली, तेव्हा मालकांनी पाकीट फोडायला मलाच काढलं. मला बघून तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता मागेल. तिने मागितलं नाही. पिशवीतून मशिनच्या तेलाची बाटली काढली, माझ्या खिळ्यावर थेंब सोडला, पदराने पुसलं आणि मला मालकांच्या हातात दिलं.

"तुमची वस्तू आहे काका. जपून वापरा."

मालकांनी मान खाली घातली. मित्रांनो, तुम्ही कुणाकडून काही घेऊन थांबायचं कबूल केलंत, तर थांबा हं. त्या माणसाने काय सोडून दिलंय, ते तुम्हाला ठाऊक नसतं.