मंगळवारची तालीम

गव्हर्नरनं राज्यातल्या सगळ्या मृत्युदंडांना स्थगिती दिली, त्याला सहा आठवडे झाले होते. लेस्टर प्रुइट नावाच्या कैद्याला विषाचं इंजेक्शन द्यायला शीर सापडेना म्हणून दोन तास त्याला सुया टोचत राहिले होते. त्या प्रकाराची आता चौकशी चालू होती. तरी मंगळवारी दुपारी पहारेकरी व्हर्लिन टॅकेटला त्याच टेबलावर आडवं व्हायला लावलं. गेली नऊ वर्षं मृत्युदंडाच्या तालमीत कैदी तोच व्हायचा. जेवणातली तळलेली भेंडी अजून त्याच्या घशाशी होती.

"चौकशी चालूय ना, साहेब?" पट्टे आवळले जाताना त्यानं विचारलं.

"दंड थांबलेत रे, तालीम नाही," तुरुंगाधिकारी होबार्ट साहेब म्हणाले. "हाताची सवय मोडायला नको."

"कसली सवय? दोन तास भोसकायची?"

साहेबांनी हुकूमनामा उघडला आणि ते अडखळले. तालमीतही पुढच्या कैद्याचं नाव मोठ्यानं वाचायची पद्धत होती, पण स्थगितीमुळे पुढचा कुणी ठरलेलाच नव्हता. नावाची जागा कोरी होती.

"आता कुणाचं वाचू?" ते पुटपुटले.

व्हर्लिनचं टाळकं सटकलं. त्या दिवशी प्रुइटचा खांदा त्यानंच दाबून धरला होता.

"प्रुइटचंच वाचा," तो म्हणाला. "आणि आज खरी सुई घ्या. दोन तास टोचा मला. घड्याळ समोरच आहे, मी बघतो."